सेकंड फ्लोअर नेमका कुठला? लंडनमधल्या एका ऑफिस-स्थलांतराचं प्रकरण

शिकागोत मुख्यालय असलेली एक कंपनी लंडनमधल्या एका इमारतीत दोन मजले भाड्याने घेते. भाडेकरारात ‘सेकंड अँड थर्ड फ्लोअर्स’ एवढे स्वच्छ शब्द आहेत. तरीही सामान चुकीच्या मजल्यांवर जातं, मापाने बनवून घेतलेली फायबर केबल आखूड पडते आणि आपत्कालीन कार्डावर भलताच मजला छापला जातो. कंपनी, इमारत आणि तिची मापं इथे नमुन्यादाखल बेतली आहेत. नियम, मानकं आणि शब्दांचे अर्थ मात्र खरे आहेत, आणि चुका ज्या क्रमाने घडतात तोही.

इमारत

इमारत उतारावर आहे. पुढचं दार वरच्या रस्त्याला उघडतं, माल उतरवायची जागा मागच्या, खालच्या रस्त्याला. लिफ्टमध्ये सात बटणं आहेत: –१, ०, १, २, ३, ४, ५. शून्यावर स्वागतकक्ष, म्हणजे ग्राउंड फ्लोअर. –१ हा लोअर ग्राउंड; तिथे मालाची ये-जा आणि बाहेरून येणाऱ्या नेटवर्कची खोली. ग्राउंडची तयार फरशी शून्य धरली, तर लोअर ग्राउंड ३.९ मीटर खाली, फर्स्ट फ्लोअर ४.२ मीटर वर, सेकंड ७.८ वर आणि थर्ड ११.४ मीटर वर येतो. या आकड्यांकडे नंतर परत यावं लागेल.

ब्रिटिश इंग्रजीत जमिनीलगतचा तो ग्राउंड फ्लोअर आणि त्याच्या डोक्यावरचा फर्स्ट. अमेरिकन इंग्रजीत जमिनीलगतचाच फर्स्ट, त्यावरचा सेकंड. तळमजला, पहिला मजला असं मोजणाऱ्या मराठी माणसाला ब्रिटिश रीत आपसूक समजते, म्हणून घोळात दोष अमेरिकनांचा वाटू लागतो. दोन्ही रीती आपापल्या जागी चोख आहेत. ब्रिटिश नाव जमिनीच्या वर किती पातळ्या चढलात ते सांगतं; अमेरिकन नाव माणसाच्या पायाखालच्या पातळ्या खालून एक-दोन-तीन अशा मोजतं.

चूक कुणी केली

शिकागोत कुणालाच हा फरक माहीत नसता, तर प्रकरण सोपं झालं असतं. सगळे एकाच दिशेने चुकले असते आणि पहिल्याच फोनवर ते लक्षात आलं असतं. इथे एकाला माहीत होता, दुसऱ्याला नव्हता, आणि कागदावर कोणता आकडा कोणत्या रीतीचा हे कुठेच लिहिलं नव्हतं.

नेटवर्कचं काम पाहणाऱ्याने ‘सेकंड फ्लोअर’ अमेरिकन अर्थाने घेतला, म्हणजे दारातून एक जिना वर. त्या हिशेबाने केबलची लांबी ठरली. प्रकल्प समन्वयकाला फरक ठाऊक होता. मुख्यालयातल्या लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याने फर्निचरच्या तक्त्यात दोनचे तीन आणि तीनचे चार केले. हेतू चांगला होता. पण त्या तक्त्यावरूनच खोक्यांची लेबलं छापली गेली, आणि ती वाचणारे हमाल लंडनचे होते. सेकंडचं सामान थर्डवर गेलं. थर्डचं सामान फोर्थवर दुसऱ्याच भाडेकरूच्या दारात पोचलं आणि तिथून परत आलं.

सामान हलवणाऱ्या पथकाचा अमेरिकन मुकादम तिसराच हिशेब करत होता. ट्रक मागच्या रस्त्याला लागला होता. तिथून लोअर ग्राउंड सपाटीला येतो, म्हणून त्याच्या लेखी तोच फर्स्ट. मग स्वागतकक्ष सेकंड, ब्रिटिश फर्स्ट म्हणजे थर्ड, आणि भाडेकरारातला सेकंड म्हणजे फोर्थ. एकाच स्लॅबला भाडेकरार दोन म्हणतो, समन्वयकाचा तक्ता तीन, मुकादम चार. तिघेही आपल्या गृहीतकाप्रमाणे बरोबर होते. उतारावरच्या इमारतीत नुसतं ‘ब्रिटिश की अमेरिकन’ विचारून भागत नाही. कोणत्या दारापासून मोजायचं तेही विचारावं लागतं.

केबलचा हिशेब

केबल दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून कारखान्यातून आलेली. अशी केबल जागेवर वाढवता येत नाही. मधे जोड दिला तर प्रकाश गळतो. टीआयए या अमेरिकन दूरसंचार उद्योग-संघटनेच्या मानकात कनेक्टरच्या एका जोडणीला जास्तीत जास्त ०.७५ डेसिबल तोटा चालतो, आणि मजल्याचं नाव चुकलं म्हणून असा जोड कायमचा ठेवणं शहाणपणाचं नाही.

सेकंड फ्लोअरसाठी केलेला हिशेब असा: लोअर ग्राउंडमधलं आडवं अंतर १४ मीटर, उभ्या डक्टमधून ३.९ + ४.२ = ८.१ मीटर, वरच्या मजल्यावरचं आडवं अंतर २२ मीटर, आणि दोन्ही टोकांना रॅकमध्ये फिरवायला तीन-तीन मीटर. एकूण ५०.१, मागवली ५१. खरा उभा प्रवास ३.९ + ४.२ + ३.६ = ११.७ मीटरचा होता. म्हणजे वाटेतच ४७.७ मीटर संपले आणि दोन्ही रॅकसाठी मिळून ३.३ मीटर उरले. केबल पोचली. म्हणूनच चूक उशिरा कळली: टोक रॅकच्या दारापर्यंत आलं, पण आत वळवून पॅनेलला लावायला आणि पुढे ट्रे ओढून काम करायला ढील राहिली नाही. पाच-सहा मीटर कमी पडले असते तर डक्टमध्ये ओढतानाच समजलं असतं.

तांब्याच्या केबलला हाच फरक वेगळ्या तऱ्हेने नडतो. तिथे पॅनेलपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत ९० मीटरची मर्यादा असते. आराखडा ८७ वर आला असेल, तर एका मजल्याची चूक तो थेट मर्यादेबाहेर नेते. ते मोजमाप उपकरणावरच दिसतं, आणि तोवर छत बंद झालेलं असतं.

आकडा ०२

नकाशांवर घोळ आणखी खोल आहे, कारण तिथे शब्दच नसतात. ब्रिटनमध्ये आयएसओ १९६५० या बांधकाम-माहितीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या राष्ट्रीय परिशिष्टाप्रमाणे फाइलच्या नावात पातळीचा संकेत असतो: ०० ग्राउंड, ०१ फर्स्ट, बी१ तळघर, एम१ म्हणजे ०१ च्या वरचा मेझनीन (दोन मजल्यांमधला अर्धवट मजला), झेडझेड म्हणजे अनेक पातळ्या. अमेरिकन पद्धतीत वास्तुविशारदाच्या प्लॅनचा पत्रक-क्रमांक ए-१०१ पासून सुरू होतो आणि बहुधा तो फर्स्ट फ्लोअरचा, म्हणजे जमिनीलगतचा प्लॅन असतो. शिकागोत कुणी ०२ ची फाइल ए-१०२ नावाने साठवली, की तिचा मजला न बोलता एकाने खाली उतरला.

इमारतीचं मॉडेल बनवायच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये हेच घडतं. अमेरिकन टेम्प्लेटमध्ये शून्य उंचीवरची पातळी ‘लेव्हल १’ असते. ब्रिटिश मॉडेल त्याला जोडताना नावावरून जुळवणी केली तर टेबलं एक मजला घसरतात. उंचीवरून केली तर जागच्या जागी बसतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायच्या आयएफसी फाइलमध्ये प्रत्येक पातळीला नाव आणि उंची असे दोन वेगळे रकाने असतात. जुळवताना उंचीचा रकाना घ्यावा. अमेरिकन नकाशांत फर्स्ट फ्लोअरची उंची शून्याऐवजी १०० फूट धरायची प्रथा आहे आणि ब्रिटिश नकाशांत समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. तेव्हा दोन्हींतली जमिनीलगतची पातळी आधी एकमेकांना बांधून घ्यावी, मगच बाकीचे आकडे ताडावेत.

खोली-क्रमांकांचा मामला छोटा आहे. अमेरिकेत खोली २०१ सहसा दारातून एक जिना वर असते, ब्रिटनमध्ये दोन जिने वर. दारावर जो क्रमांक आहे तोच लिहायचा, इतकंच.

‘स्टोरी’ मोजताना फरक नसतो, तरी भांडण होतं

दलालाच्या माहितीपत्रकात ‘सहा स्टोरींची इमारत, शिवाय लोअर ग्राउंड’ असं होतं आणि लिफ्टमध्ये सर्वात वरचं बटण ५. शिकागोतल्या विमा विभागाला वाटलं की एक मजला गहाळ आहे. इंग्रजीतला हा शब्द दोन्हीकडे किती थर आहेत ते सांगतो आणि दोन्हीकडे एकापासूनच मोजला जातो. फरक फक्त स्पेलिंगचा, ब्रिटिश लिहिताना शेवटच्या वायच्या आधी ई घालतात. दोन स्टोरींचं घर लंडनमध्येही दोन थरांचं आणि शिकागोतही. फक्त वरच्या थराला एकीकडे फर्स्ट म्हणतात, दुसरीकडे सेकंड. म्हणून एकूण थरांच्या संख्येत एक मिळवणं किंवा वजा करणं ही नवी चूक ठरते. विम्याच्या फॉर्मवर समन्वयकाने तेही केलं होतं.

खरी अडचण येते ती लोअर ग्राउंड मोजायचा की नाही इथे, आणि ते इंग्रजीचा कोश ठरवत नाही, कायदा ठरवतो. इंग्लंडमध्ये बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ प्रमाणे किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात स्टोरींच्या निवासी इमारती जास्त जोखमीच्या गणल्या जातात. ही मोजणी करताना जमिनीखालचे थर वगळतात. आणि थराच्या छताचा कुठलाही भाग लगतच्या जमिनीपेक्षा खाली असला तरी तो थर जमिनीखालचा मानतात. आपल्या इमारतीत लोअर ग्राउंडचं छत पुढच्या रस्त्यापेक्षा खाली आहे, म्हणजे तो वगळला जाईल. हीच इमारत अमेरिकेत आंतरराष्ट्रीय बिल्डिंग कोडखाली असती, तर कसोटी वेगळी: वरच्या मजल्याची फरशी जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा ६ फुटांहून जास्त वर असेल, किंवा कुठल्याही एका ठिकाणी जमिनीपासून १२ फुटांहून जास्त वर असेल, तर खालचा थर तळघर राहत नाही, जमिनीवरचा धरला जातो. मागच्या बाजूला ग्राउंडची फरशी रस्त्यापासून ३.९ मीटर, म्हणजे जवळजवळ १२.८ फूट वर आहे. तोच थर एका कायद्यात जमिनीखाली, दुसऱ्यात जमिनीवर.

मेझनीनलाही असंच. इंग्लंडच्या त्या नियमांत सर्वात मोठ्या थराच्या निम्म्या क्षेत्रफळाइतका किंवा त्याहून मोठा मेझनीन वेगळा थर ठरतो. अमेरिकन कोडमध्ये साधारणतः ज्या खोलीत तो आहे तिच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर वेगळा थर धरत नाहीत.

वजन

यूपीएसच्या बॅटऱ्यांची कपाटं कुठे ठेवायची हे ठरवताना मजल्याचं नाव थेट भारक्षमतेला भिडतं. इमारतींवरच्या भारांच्या युरोकोड या युरोपीय मानकाला जोडलेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय परिशिष्टात सर्वसाधारण ऑफिससाठी दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन धरतात, पण ग्राउंड फ्लोअरच्या पातळीला किंवा त्याखाली ३.०. एएससीई ७ या भारांच्या अमेरिकन मानकात ऑफिसला दर चौरस फुटाला ५० पाउंड, लॉबी आणि ‘फर्स्ट फ्लोअर’च्या मार्गिकांना १००, त्यावरच्या मजल्यांच्या मार्गिकांना ८०. त्या तक्त्यातला फर्स्ट फ्लोअर म्हणजे जमिनीलगतचा. ब्रिटिश सवयीने वाचणारा अभियंता तो १०० चा आकडा एका स्लॅबने वर नेतो आणि खरी गर्दी येते त्या जमिनीलगतच्या मार्गिकांना तो लावतच नाही. इथवरच्या बहुतेक चुका पैशांच्या आहेत. ही तशी नाही.

दुरुस्ती

पहिलं पाऊल: नवीन काहीही छापणं बंद. मजला लिहिलेले सगळे कागद, म्हणजे करार, प्लॅन, तक्ते, लेबलं, केबलची मागणी, आपत्कालीन कार्ड, एकत्र केले गेले आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी लिहिला ते नोंदवलं गेलं. कागद कोणत्या देशात बनला यावरून रीत ओळखू नये. समन्वयक शिकागोचाच होता, तरी त्याचा तक्ता ना धड अमेरिकन होता ना ब्रिटिश.

मग इमारतीचा छेद-नकाशा घेतला. वाद मिटवायला याच्याइतका कामाचा कागद नाही, कारण त्यात फरशीची उंची लिहिलेली असते आणि उंचीला बोली नसते. भाडेकराराला जोडलेला प्लॅन त्याच्याशी ताडला. इंग्लंडमध्ये सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो आणि त्याच्या प्लॅनवर जागा कोणत्या पातळीला आहे ते दाखवणं अपेक्षित असतं, म्हणून असा प्लॅन सहसा हाताशी असतोच.

त्यावरून एक छोटा तक्ता बनला. त्यातली एक ओळ अशी:

पातळी ०२; करारात सेकंड फ्लोअर; लिफ्टचं बटण २; ग्राउंडपासून +७.८ मीटर, पुढच्या दारापासून दोन मजले चढून, मागच्या दारापासून तीन.

यात ‘अमेरिकन नाव’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. ठेवला की त्यातला ३ कुणीतरी उचलून लेबलावर टाकणार. मजल्याचं नाव हे त्या इमारतीतलं विशेषनाम समजावं. इमारतीत जे लिहिलंय तेच सगळीकडे, रूपांतर कुठेच नाही. शिकागोच्या माणसाला समजावताना ‘दारातून दोन मजले चढून’ म्हटलं की पुरतं.

रूपांतराचं सूत्र तसंही टिकत नाही. ब्रिटिश आकड्यात एक मिळवा म्हटलं, तर –१ चा ० होतो, आणि अमेरिकन मोजणीत शून्य मजला नसतो. उलट दिशेने एक वजा करा म्हटलं, तर अनेक अमेरिकन टॉवरांत १३ हा क्रमांकच गाळलेला असतो. तिथला ‘ट्वेंटिएथ’ खरं तर खालून एकोणिसावा थर, म्हणजे ब्रिटिश रीतीने एटिन्थ. लेबल आणि क्रम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. इमारतींच्या आतल्या नकाशांसाठी ॲपलने मांडलेल्या आयएमडीएफ या रचनेत हे नीट केलंय: क्रमाचा आकडा वेगळा, ज्यात जमिनीलगतची पातळी शून्य, आणि लोकांना दिसणारं नाव वेगळं.

स्प्रेडशीटमध्ये पातळीचा रकाना मजकूर म्हणून ठरवून घ्यावा. नाहीतर ०२ चा २ होतो, आणि ०२ हा नकाशाचा संकेत आहे की कुणाचा नुसता अंदाज, हे ओळखायची खूण जाते. जी, एलजी, एम१ अशी नावं अक्षरक्रमाने लावली तर आकड्यांच्या मागे जाऊन बसतात. क्रम लावायला उंचीचा रकाना वापरावा.

आपत्कालीन कार्ड

सर्वात आधी हेच बदललं गेलं. जुन्या कार्डावर ‘आमचं ऑफिस: फ्लोअर ३ आणि ४’ होतं. आगीच्या वेळी ९९९ ला फोन करणाऱ्याने हे वाचून दाखवलं असतं, तर अग्निशमन दल एक मजला वर गेलं असतं. इंग्लंडच्या अप्रूव्हड डॉक्युमेंट बी या अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेत, सर्वात वरचा मजला जमिनीपासून ११ मीटरहून उंच असलेल्या फ्लॅटच्या इमारतींसाठी जिन्यातल्या पाट्यांचा नमुना दिला आहे: सरासरी जमिनीला सर्वात जवळचा तो ‘फ्लोअर ०’ किंवा ‘ग्राउंड फ्लोअर’, वर ‘फ्लोअर १’ पासून ओळीने, खाली ‘फ्लोअर –१’ किंवा ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’, अक्षरं किमान ५० मिलिमीटर, मजल्याचा आकडा किमान ७५. ऑफिसला ते बंधनकारक नसलं तरी इथे तोच नमुना उचलला गेला.

एक धोका पाट्यांनीही पुरता जात नाही. अमेरिकेत बाहेर पडायला १ किंवा तारा काढलेलं बटण दाबायची सवय असते. तारा म्हणजे मुख्य प्रवेशाचा मजला. लंडनमध्ये १ दाबलं की माणूस रस्त्याच्या एक मजला वर उतरतो. तिथे बाहेर पडायच्या मजल्याचं बटण इतरांपेक्षा किंचित उठावदार आणि बहुधा हिरवं असतं, आणि ते ० वर आहे. जिन्याने पळताना तर १ ची पाटी दिसताच लोक दार ढकलतात. म्हणून १ च्या पाटीखाली ‘बाहेरचा रस्ता: अजून एक मजला खाली’ ही ओळ आली आणि नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी जिन्याने ० पर्यंत उतरवून नेण्याची पद्धत पडली.

पुढे याच कंपनीने इतरत्र ऑफिसं काढली तर ढोबळ अंदाज असा: आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत बहुतांशी ब्रिटिश रीत, कॅनडाच्या इंग्रजीत बहुतांशी अमेरिकन. हाँगकाँगमध्ये ग्राउंडनंतर फर्स्ट, पण चार असलेले क्रमांक पुष्कळदा गाळलेले. सिंगापूरमध्ये पत्त्यातला ०१ म्हणजे जमिनीलगतचा थर. अंदाज अंदाजच, लिफ्टच्या बटणांचा फोटो मागवायला दोन मिनिटं लागतात.

केबलचं काय झालं

थर्ड फ्लोअरची केबलही त्याच चुकीच्या समजुतीने मागवलेली होती, म्हणजे प्रत्यक्षात ब्रिटिश सेकंडपर्यंतच्या उंचीसाठी: १४ + ११.७ + २२ + ६ = ५३.७, मागवली ५४. दोन्ही मजल्यांवरचं आडवं अंतर सारखं असल्याने ती सेकंडला अचूक बसली. नवी फक्त थर्डसाठी लागली: १४ + १५.३ + २२ + ६ = ५७.३, मागवली ५८. आखूड ५१ मीटरची केबल सुटी म्हणून गुंडाळून ठेवली. हलवलेल्या केबलच्या दोन्ही टोकांवर कारखान्यातून आलेलं ‘३’ चं लेबल होतं. ते काढून ‘०२’ लावलं, आणि लोअर ग्राउंडच्या पॅनेलवरची नोंदही त्याच दिवशी बदलली.